राजाचं बेट मी हलवलं

एक अख्खं बेट मी जागचं हलवलं. ऑफिसात, डब्यातली भेंडी खाता खाता, डाव्या हाताच्या अंगठ्यानं. त्याबद्दल घरात बरेच दिवस मी अवाक्षर काढलं नाही. मी मुळातच बोलकी नाही, पण आता लिहायला बसलेच आहे तर मागे काही ठेवायचं नाही असं ठरवलंय.

आमच्याकडे अप्पा आहेत, माझे सासरे. साताऱ्याच्या एका शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे सिंगापूरला आले आणि बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला, भूमध्य समुद्र पसरून बसले. निरोप समारंभात शाळा शाल देत होती तेव्हा "शाल आहे माझ्याकडे, तो नकाशा द्या" म्हणून त्यांनी मागून घेतलेला हा नकाशा. विमानात तो केबिन बॅगेत मावेना, तर मांडीवर उभा धरून आणला. एअर होस्टेसनं विचारलं हे काय आहे, तर म्हणाले, "सी."

त्या नकाशावर अप्पांनी एक ग्रीक महाकाव्य अंथरलंय. मोठं युद्ध जिंकून एक राजा गलबतं घेऊन घरी निघतो आणि देवाच्या रोषामुळे, वाऱ्यामुळे, बराचसा स्वतःच्या आगाऊपणामुळे, वर्षानुवर्षं पोचतच नाही, अशी ती गोष्ट. अप्पांना नववीच्या वर्गाला भूमध्य सागरी हवामान शिकवायचं असायचं. कोरडे उन्हाळे, हिवाळ्यात पाऊस, द्राक्षं, ऑलिव्ह. साताऱ्याची पोरं ऑलिव्ह ऐकून पेंगायची. म्हणून त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि राजाच्या प्रत्येक मुक्कामाला नकाशावर जागा दिली. जे फळ खाल्लं की घराचा विसर पडतो ते ट्युनिशियाच्या किनाऱ्यालगतच्या जेर्बा बेटावर. एकडोळे राक्षस सिसिलीत, एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी. त्यांनी चिडून फेकलेले खडक अजून समुद्रात उभे आहेत. वारे पिशवीत बांधून देणारा यजमान सिसिलीच्या वरच्या लिपारी बेटांवर. माणसांची डुकरं करणारी चेटकीण रोमच्या खाली, एका डोंगरी भूशिरावर, जे समुद्रातून बघितलं तर बेटच वाटतं. मेसिनाच्या सामुद्रधुनीत एका अंगाला सहा तोंडांची राक्षसीण आणि दुसऱ्या अंगाला पाणी गिळणारा भोवरा. आणि सगळ्यात शेवटी, ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे, राजाचं घर, इथाका. त्या बेटाभोवतीचं पेन्सिलीचं वर्तुळ इतक्या वेळा गिरवलं होतं, की कागद तिथे चकाकायचा.

माझी लेक इथल्या शाळेत शिकते. ती एकदा इथल्या 'लाह' जोडायच्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट अ स्टोरी लाह."

"स्टोरी आहे ना? मग स्टोरीतल्या गलबताला वारा लागतो की नाही? कुठला वारा, ते दिलंय. किती दिवस लागले, ते दिलंय. बस गणित करत."

"बट मॉन्स्टर्स आर नॉट रिअल."

"राक्षस नसतील. खडक आहेत." मग जरा नरमून म्हणाले, "आपल्याकडे नाही का, डोंगराला भोक दिसलं की पांडव तिथे एक रात्र राहून गेलेले असतात! तिकडेही तेच. ज्या त्या बेटाला वाटतं, राजा आमच्याकडे जेवून गेला. त्यातलं पटणारं कुठलं आणि थापा कुठल्या, हे निवडायचं, त्याला भूगोल म्हणतात."

हे सगळं मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. त्यात भाग कधी घेतला नाही. सासूबाई होत्या तोवर अप्पांचं ऐकण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. त्या गेल्यावर ते रिकामंच राहिलं, आणि मी ते भरायला पुढे झाले नाही. "चहा टाकू का?", "गोळी घेतलीत?", "छत्री न्या", एवढ्यात आमचा संवाद आटपायचा. गंमत म्हणजे, तांजोंग पगारच्या ज्या ऑफिसात मी जाते तिथे जहाजांच्या विम्याचे दावे बघते. माझ्या स्क्रीनवर दिवसभर जहाजं हलत असतात. मेसिनाची सामुद्रधुनी मला चांगली माहीत होती. अप्पांचा भोवरा माझ्या फायलींत 'जोरदार उलटसुलट प्रवाह, वाटाड्या घेणे आवश्यक' असा होता. हे एवढं एक वाक्य जरी मी त्यांना जेवताना सांगितलं असतं, तरी त्यांचा आठवडा मजेत गेला असता. सांगितलं नाही. का, ते धड मलाही माहीत नाही. घरी येईपर्यंत शब्द संपलेले असतात, हे एक कारण मी स्वतःला देत आले.

तर नवऱ्यानं ठरवलं की जूनच्या सुट्टीत अप्पांना नेऊन हे सगळं दाखवायचं. आधी सिसिली, मग इथाका. अप्पा दोन दिवस नकाशावर पट्टी घेऊन अंतरं मोजत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "माझी एकच अट. इथाकावर मुक्काम पाहिजे. राजाला परके खलाशी झोपेतच बेटावर ठेवून जातात, आणि सकाळी त्याला आपलंच बेट ओळखू येत नाही. मला तिथे सकाळी जागं व्हायचंय. बोटीनं जाऊन फोटो काढून परत, असलं नको."

"सगळं आई बघेल," नवरा माझ्याकडे बोट दाखवून लेकीला म्हणाला. आमच्या घरात तिकिटं, पास, डेंटिस्ट, सगळं मीच बघते, आणि माझं चुकत नाही अशी माझी ख्याती आहे. ती मीच पसरवलेली आहे.

बुकिंग मी जेवणाच्या सुट्टीत केलं. समोर एका रुतलेल्या जहाजाची कागदपत्रं उघडी होती, डबा मांडीवर होता. फोनवर इथाका लिहिलं, हॉटेलं आली, निळ्या खिडक्यांचं एक आवडलं. दोन खोल्या, समुद्र दिसतो, झालं. इथाकावरच्या खोल्या संपल्या की ते ॲप आजूबाजूची हॉटेलं दाखवायला लागतं, आणि तसं बारीक अक्षरात लिहितं. दिवसभर बारीक अक्षरं वाचून मी लोकांचे दावे फेटाळते. ही वाचली नाहीत.

आठवड्यानं रविवारी पोहे खाताना अप्पांनी विचारलं, "आपलं हॉटेल बेटाच्या कुठल्या अंगाला गं?"

मी फोनवर नकाशा उघडला. टाचणी इथाकावर नव्हती. शेजारच्या केफालोनिया बेटाच्या पार पश्चिमेच्या टोकाला, पालिकी नावाच्या द्वीपकल्पावर होती. तेव्हाच म्हणायला हवं होतं, "अप्पा, घोळ झाला." एका वाक्यात मिटलं असतं. मी म्हटलं, "पश्चिमेला."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच फार सोपं गेलं.

"पश्चिमेला?" अप्पांनी चमचा थांबवला. "तिकडे तर नुसता कडा आहे. तिथे हॉटेल?"

"नवीन असेल," मी म्हटलं. हे मात्र खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना, जुरॉंग ईस्ट स्टेशनात ट्रेन बदलताना मी शोधाशोध सुरू केली. इथाकावर एकही खोली नव्हती. पण शोधता शोधता दुसरंच काही हाती लागलं. राजाचं बेट म्हणजे आजचं इथाका नव्हेच, असं म्हणणारी मंडळी जगात होती! महाकाव्यात म्हणे ते बेट सखल सांगितलंय आणि सगळ्या बेटांत पार मावळतीकडे. आजचं इथाका डोंगराळ आणि शेजारच्या केफालोनियाच्या पूर्वेला. मग मावळतीकडचं कोण? तर पालिकी. ते पूर्वी वेगळं बेट असावं, मधली चिंचोळी खाडी दरडी कोसळून आणि गाळ भरून बुजली असावी, असं त्या लोकांचं म्हणणं. म्हणजे माझं हॉटेल जिथे होतं, नेमकं तिथे. तांजोंग पगार येईपर्यंत मला वाटायला लागलं की मी चुकलेच नाहीये. फक्त अप्पांना तिथपर्यंत आणायचंय.

त्या संध्याकाळी भाकरी वाढताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अप्पा, पण ते बेट मावळतीकडचं म्हटलंय ना? आजचं इथाका तर पूर्वेला येतं."

त्यांचा घास हातातच राहिला. माझ्या लग्नाला वीसेक वर्षं झाली. या घरात जेवणाच्या ताटावर मी पहिल्यांदाच 'वाढू का' सोडून दुसरा प्रश्न विचारला होता.

"कुठे वाचलंस?"

"असंच. ट्रेनमध्ये."

"ट्रेनमध्ये," ते नवऱ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? आणि तू ट्रेनमध्ये काय बघतोस, तर कोंबड्या फोडायचा गेम!"

मग जे सुरू झालं ते थांबेना. सकाळी चहाला अप्पा मुद्दे घेऊन तयार. "दिशा कवीच्या डोक्यातली, होकायंत्रातली नव्हे." मी संध्याकाळी उत्तर घेऊन यायचे. शनिवारी आम्ही घराजवळच्या जुन्या दगडखाणीच्या तळ्यापाशी फिरायला जायचो आणि वाद घालत दोन फेऱ्या जास्त व्हायच्या. खाडी बुजल्याचं त्यांना पटेना. तेव्हा मी त्यांना माझ्या कामातलं सांगितलं. नदीच्या तोंडाशी गाळ कसा साठतो, नकाशात खोल दाखवलेल्या ठिकाणी जहाज कसं रुततं, बंदरांना सतत का उपसावं लागतं. ते ऐकत होते. आमच्या इमारतीखाली बाकावर चिनी आजोबांचा बुद्धिबळाचा डाव चालतो, तिथे अप्पा रोज दहा मिनिटं उभे राहतात. तेही विसरले.

"हे तू रोज बघतेस?"

"रोज."

"आणि कधी सांगितलं नाहीस!"

नवरा म्हणाला, "तुम्ही दोघं भांडता तेव्हा घर भरल्यासारखं वाटतं." मला हे सगळं आवडायला लागलं होतं आणि आवडण्याची लाज वाटत होती. कारण मुळात मी एका हॉटेलची सारवासारव करत होते.

लेकीला आधीच कळलं होतं. बुकिंगची मेल घरच्या कॅलेंडरवर जाते, हे मी विसरले होते. "आई, अवर हॉटेल इज ऑन द नेक्स्ट आयलंड. यू नेव्हर टेल आजोबा, आह?"

"सांगते."

"जस्ट टेल हिम लाह. ही वोन्ट डाय."

"सांगते म्हटलं ना!"

"आई," ती एकदम मराठीवर आली. गंभीर काही असलं की येते. "तू त्यांना फसवतेयस."

मी तिला आधी खोली आवरायला लावली.

आणि अप्पांना पटलं. एका बुधवारी मी घरी आले तर ते टेबलापाशी उभे होते, हातात खोडरबर. इथाकाभोवतीचं वर्तुळ खोडलं होतं. इतक्या वर्षांची पेन्सिल काही पूर्ण गेली नव्हती, करडा डाग राहिला होता. शेजारी पालिकीवर नवं वर्तुळ, बारीक.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "मीच आंधळेपणानं नावाला धरून बसलो. आजचं नाव तेच म्हणून बेट तेच! पहिलीतल्या पोरानं करावी तशी चूक."

मी पर्ससकट उभी राहिले.

"एक बरं आहे, सांगायची संधी आहे," ते पुढे म्हणाले. त्यांचा एक जुना विद्यार्थी इथल्या विद्यापीठात संशोधन करतो. त्यानं बुकित पंजांगला तो राहतो त्या इमारतीजवळच्या हॉलमध्ये रविवारी अप्पांचं भाषण ठेवलं होतं. 'एका राजाचा परतीचा प्रवास.' इथली दहाबारा मराठी घरं येणार होती, आणि नववीची जुनी पोरं, आता टक्कल पडलेली, पुण्याहून आणि साताऱ्याहून व्हिडिओवर. "त्यांची मी माफी मागणार आहे. सगळ्यांची. वर्गात छाती ठोकून चुकीचं शिकवलं मी."

त्या क्षणी सांगायचं होतं. मी म्हटलं, "माफी कशाला, अप्पा?"

"मग काय, पोरं चुकली तर छडी आणि मास्तर चुकला तर काही नाही?"

शनिवारी तळ्यापाशी त्यांनी मला भाषण वाचून दाखवलं. समोर काळा कडा, खाली हिरवं पाणी, कासवं, आणि लग्नाआधीचे फोटो काढून घेणारं एक जोडपं. अप्पा कठड्याला टेकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन वाचत होते. "माझ्या विद्यार्थ्यांनो, शिक्षकाला सगळ्यात जड जातं ते हे सांगणं, की मी तुम्हाला दाखवलेली जागा चुकीची होती..." फोटोग्राफरनं हातानं खूण केली, अंकल जरा बाजूला. अप्पा बाजूला झाले आणि पुढचं वाचायला लागले.

"अप्पा, थांबा," मी म्हटलं. "मी चुकीचं हॉटेल बुक केलं."

"काय?"

"आपलं हॉटेल इथाकावर नाही. शेजारच्या बेटावर आहे, पालिकीला. मी न बघता बुक केलं. तुम्ही विचारलंत तेव्हा कळलं. सांगायला लाज वाटली. मग ते पश्चिमेचं सगळं मी त्याच्यासाठी काढलं. तुम्हाला पटलं की हॉटेल बरोबर होणार होतं."

मी इतकं सलग कधी बोलत नाही. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. मग वर्गात चौकशी करावी तसं एकेक विचारायला लागले. कधी कळलं? पोह्यांच्या दिवशी. अजून कोणाला माहीतेय? तुमच्या नातीला. खाडीचा मुद्दा बनवलेला होता? नाही, तो लोकांनी खरंच मांडलाय. गाळाचं? ते माझ्या कामातलं, खरं.

"म्हणजे तुला यात रस नव्हताच," ते म्हणाले.

"आधी नव्हता," मी म्हटलं. "नंतर... मला संध्याकाळची वाट बघावीशी वाटायला लागली."

माझ्यापुढे दहा पावलं झपझप चालत राहिले. वाटेत हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांपाशी, थांबून त्यांनी स्वतःपुरती कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, घेतली. एकच कप. दर शनिवारी दोन घेतात. मी पलीकडच्या टेबलाशी बसून राहिले. तिथल्या सफाईवाल्या काकू टेबल पुसायला आल्या, त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि माझंच टेबल दोनदा पुसलं.

घरी आल्यावर नवऱ्याला मी सगळं सांगितलं, तो "अगं काय तू!" एवढंच म्हणाला आणि बाल्कनीत जाऊन उगाच कपडे उलटे वाळत घालायला लागला. अप्पा टेबलाशी पाठ करून बसले होते. दिवेलागणीला मी पोळ्यांची कणीक मळत होते, तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"घोड्यांचं तू सांगितलं नाहीस."

महाकाव्यात राजाचा मुलगा एका ठिकाणी सांगतो, की आमच्या बेटावर घोडे दौडवायला मोकळं रान नाही, ते खडबडीत आहे, शेळ्यांना बरं. पालिकी सपाट आहे. तिथे घोडे सुखानं दौडतील. हे मला पहिल्याच आठवड्यात सापडलं होतं.

"या वादातलं सगळं मी वाचून काढलं आज," अप्पा म्हणाले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि?"

"माझ्याविरुद्ध जात होतं."

अप्पांचा आवाज चढलेला मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. "चुकीचं हॉटेल घेतलंस, ती चूक. माणसाकडून होते. लाजलीस, तेही समजतं. पण हातात असलेला पुरावा लपवलास? माझ्यापासून? मी ते वर्तुळ खोडलं गं! उद्या माफी मागणार होतो मी, अर्ध्या माहितीवर! तुझ्या ऑफिसात एखाद्या कप्तानानं असं केलं तर काय करतेस?"

"दावा फेटाळते."

"मग!"

लेक खोलीच्या दारातून बघत होती. तिच्यासमोर अशी बोलणी मी आजवर कोणाची खाल्ली नव्हती. कणकेचे हात तसेच धरून मी म्हटलं, "माझं चुकलं, अप्पा. आणि अजून एक सांगायचंय. मला तोच मुद्दा पटतो."

"कुठला?"

"शेळ्यांचा. कवी कुठल्या दिशेला काय हे चुकू शकतो, तो तिथे गेला असेल नसेल. पण मुलगा आपल्या घराबद्दल सांगतो तेव्हा काय नाही ते सांगतो. घोडे नाहीत, कुरण नाही. लोक आपल्या गावाबद्दल असंच बोलतात. मला वाटतं, राजाचं घर इथाकाच. तुम्ही पहिल्यापासून म्हणत होतात तेच."

अप्पा दारातून आत आले. मग म्हणाले, "अगं, पण गाळाचं काय? ते तर तूच पटवलंस मला. ते खोटं नाही ना?"

"खोटं नाही."

"मग मी आता सहजासहजी परत येणार नाही," असं म्हणून ते गेले. पोळ्या झाल्यावर जेवायला बसले. भाजी दुसऱ्यांदा मागितली.

रविवारी हॉल भरला. बटाटेवड्यांचा वास, मागे मुलांचा गोंधळ, पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत टक्कल पडलेली नववी ब. अप्पांनी राजाला जेर्बापासून आणलं. एकडोळ्यांच्या खडकांपाशी सगळे हसले. मेसिनाला आल्यावर ते म्हणाले, "इथला भोवरा आजही जहाजवाल्यांच्या कागदांत आहे. माझी सून सांगते," आणि पुढे गेले. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मग शेवटचं बेट आलं. मी माफीची वाट बघत बसले होते.

"आता राजाचं घर," अप्पा म्हणाले. "मी तुम्हाला शिकवलं, इथाका. अलीकडे मला वाटतंय, पालिकी. माझी बाजू मी मांडतो." दिशा, सखलपणा, खाडी, गाळ, सगळं व्यवस्थित मांडलं, माझ्यापेक्षा नीट. "याच्या विरुद्ध बाजूही आहे. ती भक्कम आहे. ती मांडणारी व्यक्ती समोर तिसऱ्या रांगेत बसलीय. ये गं."

"अप्पा, नको," मी म्हटलं.

"सर, छडी घ्या!" पडद्यावरून कोणी तरी ओरडलं.

मी उठले. ऑफिसात चार माणसांसमोरही मी बसल्या जागेवरून बोलते. नकाशापाशी गेले, आणि मुद्द्याला हात घालायच्या आधी सांगून टाकलं की हा सगळा वाद मी चुकीचं हॉटेल घेतल्यामुळे उभा राहिलाय, आणि त्यातला एक पुरावा मी दडपला होता. हशा झाला. काही बायकांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. अप्पा हसले नाहीत, पण मान डोलावली, पुढे बोल अशी. मग मी शेळ्यांचं सांगितलं. अप्पांनी मध्येच अडवलं. मी त्यांना अडवलं. साताऱ्याचे एक जण म्हणाले की आमच्या गावातही आता घोडे नाहीत, म्हणून आमचं गाव खोटं का? एक संशोधक मुलगी म्हणाली कुठलीच जागा पुरती जुळत नाही, म्हणजे गोष्ट तेवढी खरी, जागा खरी नाही. तिच्यावर आम्ही दोघंही तुटून पडलो. वडे थंड झाले. माफी राहूनच गेली.

परत येताना बसमध्ये अप्पा एरवी पुढच्या, म्हाताऱ्यांच्या राखीव सीटवर एकटे बसतात. त्या दिवशी माझ्या शेजारी बसले. नकाशाची गुंडाळी दोघांच्या गुडघ्यांवर आडवी होती.

"हॉटेल बदलू नकोस," ते म्हणाले.

"बरं."

"तीन दिवस मी तुला पालिकी दाखवतो. खाडी कुठे बुजली असेल ते चालत बघू. मग एक दिवस पलीकडे इथाकाला जायचं, फेरीबोटीनं. तुझं बेट तू दाखव."

"तुमचं बेट आहे, अप्पा."

"माझं होतं. आता मी पलीकडच्या बाजूचा." ते खिडकीतून बघत राहिले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "काल फार लागलं मला. आजही लागतंय थोडं. असू दे. मात्र फेरीची तिकिटं माझ्यासमोर काढायची."

"हो."

"बारीक अक्षरं मी वाचणार."

"हो, अप्पा."

"मग काढ की. आत्ताच काढ." मी फोन उघडला आणि त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.